रोजचा प्रवास आणि कॅमेरा: मेसेंजर बॅग नेमकी कोणत्या मापाची घ्यावी?

मेसेंजर बॅग, म्हणजे एका खांद्यावरून तिरकी अडकवायची चपटी बॅग, घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, लॅपटॉप किती इंची? ऑनलाइन शोधलं तर लिटरचा आकडा समोर येतो. बॅगेत फक्त लॅपटॉप आणि वही जाणार असेल तर या दोन आकड्यांवर भागतं. कॅमेरा न्यायचा असेल तर मात्र बॅग जमणार की नाही हे तिसऱ्याच मापावर ठरतं, ते म्हणजे बॅगेची आतली जाडी. पाठीला टेकणाऱ्या बाजूपासून बाहेरच्या बाजूपर्यंत आत किती सेंटिमीटर जागा आहे, हे माप जाहिरातीत सगळ्यात शेवटी दिलेलं असतं, आणि पुष्कळदा दिलेलंही नसतं.

कॅमेऱ्याला जाडी हवी असते आणि गर्दीच्या प्रवासाला ती नको असते. योग्य माप या ओढाताणीतून काढावं लागतं. हा लेख मुंबईच्या लोकलने कामावर जाणाऱ्या आणि सोबत कॅमेरा बाळगणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. ऑफिस सुटल्यावर फोर्टात तासभर फिरायचं, पाऊस उघडला तर मरीन ड्राइव्हला थांबायचं, असा ज्यांचा दिवस असतो त्यांच्यासाठी. पुण्यात किंवा नाशकात दुचाकीवरून जाणाऱ्यांसाठी वेगळं आहे तेवढं त्या त्या ठिकाणी सांगतो.

या बॅगेचा घाट असा का?

मेसेंजर बॅग अमेरिकेतल्या सायकलवरून टपाल पोचवणाऱ्यांची. न्यूयॉर्कमध्ये ती रुळली. टिंबक२ ही आज जगभर माहीत असलेली कंपनी १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सायकल मेसेंजरनेच सुरू केली. त्यांना न्यायची असायची पाकिटं, नकाशे, कागदांचे गठ्ठे. म्हणून बॅग रुंद, चपटी, मऊ, वरून मोठ्या फ्लॅपने झाकलेली आणि पट्टा आवळून पाठीला घट्ट चिकटणारी.

खांद्यावरची कॅमेरा बॅग वेगळ्या वाटेने आली. सत्तरच्या दशकात जिम डोम्की हे फिलाडेल्फिया इन्क्वायररचे छायाचित्रकार होते. त्यांनी स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची बॅग बनवून घेतली आणि तीच पुढे वृत्तछायाचित्रकारांची आवडती झाली. इंग्लंडच्या बिलिंगहॅमने तर १९७३ मध्ये मासेमारीच्या बॅगांपासून सुरुवात केली. त्या बॅगा फोटोग्राफरच घेऊन जातायत हे लक्षात आल्यावर ते कॅमेरा बॅगांकडे वळले. या बॅगा आखूड, खोल आणि डब्यासारख्या. त्यात कॅमेरा लेन्स खाली करून उभा बसतो आणि वरून हात घालून पटकन बाहेर निघतो.

आज बाजारात ‘कॅमेरा मेसेंजर’ म्हणून जे मिळतं ते या दोन्हींचं मिश्रण आहे. कुठली कंपनी चपटेपणाकडे झुकते, कुठली खोलपणाकडे. म्हणून एका कंपनीचं ‘मीडियम’ दुसरीच्या ‘मीडियम’शी जुळत नाही. स्मॉल, मीडियम, लार्ज या अक्षरांवर विसंबू नका. टेप घेऊनच बसा.

पहिली पायरी: सगळं सामान जमिनीवर मांडा

एखाद्या साध्या मंगळवारी ऑफिसला जाताना जे जे घेता ते सगळं चादरीवर काढून ठेवा. लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, छत्री, चष्म्याची केस, पॉवर बँक, पाकीट, किल्ल्या, रुमाल, वाचायला घेतलेलं पुस्तक. शेजारी कॅमेरा, लेन्स, जादा बॅटरी, कार्डं, लेन्स पुसायचं कापड.

आता त्यातून ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या वस्तू बाजूला करा. फ्लॅश, दुसरी झूम, छोटा ट्रायपॉड या वस्तू ऑफिसच्या दिवशी बहुतेकांच्या बॅगेतून न निघताच घरी परत येतात. लग्नाच्या किंवा पक्षी टिपायला जायच्या दिवशी लागणारं सामान डोळ्यासमोर ठेवून रोजची बॅग घेतली, तर वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेले सगळे दिवस मोठं धूड गर्दीतून वाहावं लागतं. त्या चार दिवसांसाठी पाठीवरची सॅक वेगळी ठेवावी, ती उसनी मिळाली तरी चालते.

उरलेल्या वस्तूंचं वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा किंवा प्रवासी बॅगा मोजायचा हुकाचा काटा, दोन्ही चालतात. हे अंदाजाने करू नका, कारण अंदाज बहुतेक वेळा चुकतो आणि तो कॅमेऱ्याच्या बाबतीत नाही, डब्याच्या बाबतीत चुकतो.

एक खरा हिशोब मांडून दाखवतो. लेन्सच्या नावातले आकडे (१८-४५, ५० एमएम, एफ४ वगैरे) फक्त ती ओळखण्यापुरते, लक्ष ग्रॅमवर ठेवा. १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलो. चार्जर आणि केबल मिळून ३०० ग्रॅम धरू. भरलेला स्टीलचा डबा १.१ किलो. लिटरभर पाण्याची बाटली तितकीच. घडीची छत्री ३५० ग्रॅम. कॅमेरा अगदी हलका, कॅननचा आर५० (३७५ ग्रॅम), त्यावर सोबत मिळणारी १८-४५ ची किट लेन्स (१३० ग्रॅम) आणि सोबत ५० एमएम १.८ (१६० ग्रॅम). रिकामी बॅग १.२ किलो. बेरीज जवळजवळ ६ किलो होते. यात कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून ६६५ ग्रॅम, आणि डबा-पाणी २.२ किलो!

आता आर५० च्या जागी सोनीचा ए७ III (६५० ग्रॅम), २४-१०५ एफ४ (६६३ ग्रॅम) आणि ८५ एमएम १.८ (३७१ ग्रॅम) ठेवा. बेरीज सातच्या घरात जाते. जुना दणकट डीएसएलआर (आत आरसा असलेला मोठा कॅमेरा) घेतला, म्हणजे कॅननचा ५डी मार्क IV (बॅटरी-कार्डासह ८९० ग्रॅम), २४-७० एफ२.८ (८०५ ग्रॅम) आणि जवळपास दीड किलोची ७०-२०० एफ२.८, तर तीन नग मिळूनच सव्वातीन किलोच्या आसपास जातात. त्यात लॅपटॉप, चार्जर आणि बॅग मिळवली की डबा न घेताच सहा किलो.

दुसरी पायरी: वजनाची रेघ आखा

एका खांद्यावरच्या बॅगेसाठी माझी रेघ पाच किलोची आहे, बॅगेच्या स्वतःच्या वजनासकट. अंगापिंडाने लहान असाल तर चार. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये शाळकरी मुलांच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा निर्णय काढला होता. दप्तर दोन्ही खांद्यांवर असतं. आपण एकाच खांद्यावर, जिना चढत-उतरत, अनेकदा तासभर उभं राहून वजन वाहतो. त्यामुळे साठ किलोच्या माणसाने पाचाच्या आत राहणं हे शहाणपणाचं आहे. मान किंवा खांदा आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही बॅग घेऊच नका, सॅक घ्या.

सहा-सात किलोवरून पाचावर कसं यायचं? चार्जर ऑफिसच्या खणात कायमचा ठेवा, जादा घ्यावा लागला तरी. बाटली रिकामी न्या आणि ऑफिसात भरा, किंवा अर्ध्या लिटरची घ्या. स्टीलचा डबा कापडी पिशवीत वेगळा हातात धरा, म्हणजे वजन दोन बाजूंना वाटलं जातं आणि आमटी सांडलीच तर कॅमेऱ्यावर सांडत नाही. डबा आणि लेन्स एकाच कप्प्यात ठेवायला माझा ठाम विरोध आहे. झाकण कितीही घट्ट असो, गर्दीत बॅग आडवी होतेच. लेन्स एकच न्या. एवढं केलं की सोनीवाला सात किलोचा संसार साधारण चारावर येतो.

एवढं करूनही आकडा साडेपाचाच्या वर राहत असेल तर मापाचा विचार इथेच थांबवा. तुम्हाला मेसेंजर बॅग नको, दोन पट्ट्यांची सॅक हवी. मोठी मेसेंजर घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण मोठ्या बॅगेत आणखी सामान जातं.

तिसरी पायरी: जाडी काढा

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

कॅमेरा लेन्स लावूनच ठेवायचा आणि लेन्स खाली, पाठ वर अशा स्थितीत ठेवायचा, हे गृहीत धरू. वरून हात घातला की ग्रिप, म्हणजे कॅमेरा धरायची मूठ, थेट हातात येते. अशा स्थितीत बॅगेच्या जाडीत बसते ती कॅमेरा बॉडीची उंची, म्हणजे तळापासून व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) कुबडापर्यंतचं माप. लेन्स लावलेला कॅमेरा कसाही फिरवलात तरी यापेक्षा कमी जाडीत तो बसत नाही.

सूत्र असं: बॉडीची उंची, अधिक दोन्ही बाजूंच्या फोमचे मिळून २ सेंटिमीटर, अधिक लॅपटॉप आणि त्याच्या कप्प्याचे अडीच सेंटिमीटर. हे सूत्र काही ओळखीच्या कॅमेऱ्यांना लावून पाहू.

कॅनन आर५० ची उंची ८.५५ सेंटिमीटर आहे, म्हणजे आतली जाडी १३ हवी. फुजी एक्स-टी५ ची ९.१, म्हणजे साडेतेराच्या थोडं वर. सोनी ए७ III ची ९.५६, म्हणजे १४. घरोघरी असलेल्या कॅनन १५००डी ची १०.१३, म्हणजे साडेचौदा. आणि ५डी मार्क IV ची ११.६४, म्हणजे १६ पेक्षाही जास्त.

आता लिटरचा आकडा का फसवतो ते पाहा. ४५ × ३२ × १० सेंटिमीटरची बॅग १४.४ लिटरची. ३५ × २६ × १३.५ ची बॅग सव्वाबारा लिटरची. जाहिरातीत पहिली मोठी दिसते, पण ए७ III तिच्यात लॅपटॉपशिवायही नीट बसत नाही. कोंबलात तर बॅगेचं पोट बाहेर येतं, फ्लॅप पुरा झाकला जात नाही आणि लॅपटॉपच्या पाठीवर कॅमेऱ्याचा कोपरा रुतत राहतो. दुसरीत तो लॅपटॉपसह बसतो, जाडीत अर्धा सेंटिमीटर कमी पडतो तेवढा फोम आणि कापड सामावून घेतात. त्याहून जास्त तूट मात्र सामावत नाही.

लॅपटॉप नेत नसाल तर अडीच सेंटिमीटर वाचतात. लेन्स काढून बॉडी आणि लेन्स वेगळ्या ठेवायला तयार असाल तर आणखी वाचतात. मग बॉडी तिच्या सात-आठ सेंटिमीटरच्या जाडीवर उभी राहते आणि मर्यादा लेन्सच्या व्यासाची उरते. २४-७० एफ२.८ सारख्या लेन्सचा व्यास ८.८५ सेंटिमीटर, म्हणजे फोमसकट अकरात काम होतं. पण दर वेळी फलाटावर उभं राहून लेन्स लावायची, म्हणजे धूळ आत जायची शक्यता आणि समोरचा क्षण निघून गेलेला. रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्याने हा मार्ग धरू नये. इमारती किंवा निसर्ग टिपणाऱ्याला चालेल.

घरच्या घरी तपासायचा सोपा उपाय: पुठ्ठ्याचं खोकं कापून चिकटपट्टीने हव्या त्या आतल्या मापाचं बनवा. त्यात लॅपटॉप उभा करा, कॅमेरा टॉवेलमध्ये गुंडाळून लेन्स खाली करून ठेवा, बाकीचं सामान लावा. मग ते खोकं छातीशी धरून आरशासमोर उभे राहा. १६ सेंटिमीटर जाडी अंगापुढे आली की कशी दिसते, हे आकड्यावरून कळत नाही ते इथे लगेच कळतं.

रुंदी आणि उंची

ही मापं सोपी आहेत, लवकर उरकू.

उंचीत बसतो लेन्ससकट कॅमेऱ्याचा लांबोडा. ए७ III वर २४-१०५ (११.३ सेंटिमीटर) लावली की पाठीपासून लेन्सच्या टोकापर्यंत १७-१८ सेंटिमीटर होतात, ५डी वर २४-७० लावली की १९ च्या आसपास. हूड (लेन्सच्या तोंडाशी ऊन अडवणारी कडी) उलटा फिरवून ठेवायचा. तळाचा फोम आणि वरचा थोडा मोकळेपणा धरून आतली उंची २२ ते २३ हवी. लॅपटॉप लांब बाजू खाली करून ठेवायचा असतो, आणि १३ इंची मॅकबुक एअरची आखूड बाजू २१.५ सेंटिमीटर आहे. म्हणजे २५-२६ उंचीत दोन्ही सुखाने राहतात.

रुंदी ठरवतो लॅपटॉप. इथे ध्यानात ठेवायचं की १३, १४, १५.६ हे आकडे पडद्याच्या कर्णाचे आहेत, यंत्राच्या रुंदीचे नाहीत. १४ इंची मॅकबुक प्रो ३१.३ सेंटिमीटर रुंद, १६ इंची ३५.६. काही वर्षांपूर्वीचे जाड कडांचे १५.६ इंची लॅपटॉप १६ इंची मॅकबुकपेक्षाही रुंद निघतात. म्हणून लॅपटॉपची लांब बाजू मोजा आणि त्यात दीड-दोन सेंटिमीटर मिळवा. ऑफिसची कागदपत्रं न्यायची असतील तर ए४ कागद २९.७ बाय २१ चा असतो, फाइल त्याहून थोडी मोठी.

३४ ते ३६ सेंटिमीटरच्या आतल्या रुंदीत कॅमेऱ्याला साधारण साडेतेरा, एका लेन्सला साडेनऊ, पार्टिशनांना दोन जातात. उरलेल्या नऊ-दहात छत्री, चष्मा, पॉवर बँक. एका कॅमेऱ्याला आणि दोन लेन्सना एवढं पुरतं.

मग नेमकं कोणतं माप?

लॅपटॉप नेत नाही, फक्त छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा), टॅबलेट किंवा पुस्तक आणि छत्री, असं असेल तर आतून २८ × २२ × ११ च्या आसपासची बॅग घ्या. सहा-सात लिटर होतात. ही अंगावर आहे हे विसरायला होतं. कॅमेरा रोज सोबत राहावा अशी इच्छा असणाऱ्याने खरं तर इथपर्यंत येण्याचा प्रयत्न करावा.

लॅपटॉप १३-१४ इंची, कॅमेरा मिररलेस किंवा छोटा डीएसएलआर, एक-दोन लेन्स, ही नोकरदार फोटोग्राफरची नेहमीची गरज. तिला ३५ × २६ × १३ ते १४ हे माप योग्य. मला विचाराल तर दहातल्या आठ जणांना हेच घ्यायला सांगेन, आणि १३ की १४ असा पेच पडला तर कॅमेऱ्याची उंची मोजून निर्णय घ्यायला.

१६ इंची लॅपटॉप असेल तर ३९ × २८ × १४, म्हणजे पंधरा लिटरच्या आसपास. यापुढे मात्र मेसेंजरमध्ये जाऊ नका. वीस लिटरच्या मेसेंजर बॅगा मिळतात, त्या रिकाम्या असताना छान दिसतात. भरल्यावर त्यांचं वजन आणि लांबी दोन्ही आवरत नाही. मोठा डीएसएलआर आणि ७०-२०० वाल्यांनी एकतर लॅपटॉप घरी ठेवावा किंवा सॅक घ्यावी. तिसरा मार्ग कॅमेरा आणि लेन्स दोन्ही बदलून मिररलेसकडे जाण्याचा आहे. कॅननची मिररलेससाठीची आरएफ ७०-२०० एफ२.८ १४.६ सेंटिमीटर लांब आणि १,०७० ग्रॅमची आहे, डीएसएलआरची जुनी ईएफ जवळपास २० सेंटिमीटरची आणि दीड किलोची होती. बॅगेसाठी कोणी कॅमेरा-लेन्स बदलत नाही, पण बदलायचं चाललंच असेल तर हा फरक धरा.

अंगावर आणि गर्दीत

लोकलमध्ये चढताना बॅग पुढे घ्यायची हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. पुढे घेतलेल्या बॅगेची जाडी म्हणजे तुमच्या आणि समोरच्याच्या मधलं अंतर. १४ सेंटिमीटरपर्यंत माणसं सांभाळून घेतात. त्यापुढे बॅग समोरच्याच्या पाठीत रुतते, धक्के बसतात, आणि त्या धक्क्यांच्या आड तुमची लेन्स असते. म्हणून बाहेरच्या बाजूला मऊ सामान ठेवा, रुमाल, छत्री, जाकीट. कॅमेरा पोटाकडच्या बाजूला. लॅपटॉपचा कप्पा पाठीकडे असतो, बॅग पुढे फिरवली की तोही पोटाशी येतो, हे चांगलंच.

रुंदी तुमच्या कंबरेच्या रुंदीपेक्षा फार जास्त नसावी. पाच फुटांच्या आसपासच्या व्यक्तीला ४० सेंटिमीटरची बॅग बाजूला लटकवली की चालताना मांडीवर आपटते आणि दारातून जाताना अडकते. बॅगेचा तळ कमरेच्या हाडाच्या किंचित खाली यावा, गुडघ्याकडे लोंबू नये. पट्टा सगळ्यात आखूड केल्यावर बॅग किती वर येते ते नक्की पाहा. परदेशी बॅगांचे पट्टे उंच माणसांच्या हिशोबाने लांब असतात आणि पुरेसे आखूड होत नाहीत.

रॅकवर ठेवायची वेळ आलीच तर वर भक्कम हातधरणं हवं. गर्दीत बॅग हातोहात वर जाते, आणि पकडायला काही नसेल तर लोक फ्लॅप धरूनच उचलतात. फ्लॅपची बक्कलं लावलेली नसतील तर पुढचं सांगायला नको. चौथ्या सीटवर बसलात तर बॅग मांडीवर उभी राहायला हवी. तळ सपाट आणि थोडा कडक असलेली बॅग उभी राहते, पूर्ण मऊ बॅग कलंडते.

दुचाकीवाल्यांनी बॅग पाठीवर तिरकी घट्ट बांधायची आणि काखेखालून येणारा दुसरा बारीक पट्टा असलेलीच बॅग घ्यायची. तो नसेल तर ब्रेक मारला की बॅग घसरून पुढे येते आणि हँडलच्या आड जाते. कॅमेरा बॅग स्कूटरच्या पायाशी ठेवू नका, खड्ड्यांचा हादरा तिथे थेट बसतो.

तयार कॅमेरा बॅग, की साध्या बॅगेत फोमचा डबा?

माझा कौल फोमच्या सुट्या डब्याला आहे. वेल्क्रोची पार्टिशनं असलेला हा डबा, ज्याला दुकानात इन्सर्ट म्हणतात, साध्या मेसेंजर बॅगेत ठेवला की ती कॅमेरा बॅग होते, आणि काढला की बाजारहाटाची. साधी बॅग बाहेरून कॅमेरा बॅगेसारखी दिसत नाही, हा रात्रीच्या प्रवासात मोठाच फायदा. घरी आल्यावर अख्खा डबा उचलून कपाटात ठेवता येतो.

इन्सर्टचं बाहेरचं माप बॅगेच्या आतल्या मापापेक्षा जाडीत एक आणि रुंदीत पाच-सात सेंटिमीटर कमी असावं. रुंदीतली ती मोकळी जागा छत्री आणि इतर सामानाची. इन्सर्ट घट्ट बसला तर बॅग वाकत नाही आणि पाठीला टोचते.

तयार कॅमेरा बॅगेचा फायदा मात्र एक मोठा आहे, वरची चेन. फ्लॅप न उघडता थेट कॅमेऱ्यापर्यंत हात जातो. मोठ्या वेल्क्रोच्या फ्लॅपचा कर्र आवाज शांत ठिकाणी नकोसा होतो, कीर्तनात, नाटकाच्या तालमीत. तिथे काम असेल तर बक्कलांची किंवा आवाज दाबता येणाऱ्या वेल्क्रोची बॅग पाहा.

पट्टा, कापड, पाऊस

पट्टा निदान ५ सेंटिमीटर रुंद हवा, खांद्यावरची गादी सरकती हवी. पट्टा बॅगेला जिथे शिवलाय तिथे चौकोनात फुलीची शिवण आहे का पाहा. धातूचे फिरते हूक शोभिवंत असतात, पण सगळं वजन त्या एका कडीवर येतं. कडी पातळ वाटली तर बॅग सोडून द्या.

कापडाच्या पट्टीवर १०००डी वगैरे लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनिअर, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तसा धागा जाड. रोजच्या घासाघाशीला ५०० ते १००० पुरे, त्याहून जाड कापडाने बॅगेचंच वजन वाढतं.

पावसाळ्यासाठी आतलं अस्तर ताडपत्रीसारखं असावं आणि फ्लॅप दोन्ही बाजूंना वळून खाली येणारा असावा. कोकणपट्टीतला पाऊस वरून कमी, बाजूने जास्त येतो. बॅग घरी आणल्यावर तिच्यात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि बाथरूमच्या शॉवरखाली पाच मिनिटं धरा. कागद कुठे ओला झाला ते पाहिलं की पाणी कुठून शिरतं ते कळतं, बहुधा फ्लॅपच्या कोपऱ्यातून किंवा पट्ट्याच्या शिवणीतून. रेनकव्हर असलं तरी ही परीक्षा करा, कारण कव्हर चढवेपर्यंत सर येऊन गेलेली असते.

दुकानात

स्वतःचा कॅमेरा, लॅपटॉप आणि टेप घेऊन जा. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे इन्सर्ट आणि कॅमेरा बॅगा दोन्ही हाताळता येतात. साध्या बॅगांसाठी क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, पुण्यात रविवार पेठ. दुपारी गर्दी कमी असताना जा, म्हणजे दुकानदारही वेळ देतो.

बॅगेत सगळं भरा, फ्लॅप लावा, पट्टा घाला आणि एक हात वर करा, गाडीत हँडल धरतो तसा. पट्टा मानेला कापतो का? बॅग पुढे फिरवा, खुर्चीत बसा, उठा, एक जिना उतरा. मग उभ्या उभ्या, न बघता, एका हाताने कॅमेरा बाहेर काढा आणि परत ठेवा. परत ठेवताना अडखळलात तर ती बॅग अरुंद आहे, कारण काढणं सोपं असतं, ठेवणं अवघड.

ऑनलाइन घेत असाल तर ‘आतलं माप’ असा वेगळा उल्लेख शोधा. फक्त बाहेरचं दिलं असेल तर जाडीतून दोन ते तीन आणि रुंदी-उंचीतून दोन-दोन सेंटिमीटर वजा करा. इंचांत असेल तर २.५४ ने गुणा. परतीची मुदत वाचून ठेवा आणि मुदतीत एकदा तरी भरलेल्या बॅगेनिशी नेहमीची गाडी पकडा.

मनासारखं माप मिळालंच नाही तर शिवून घ्या. धारावीत बॅगा शिवणारे कारागीर पुष्कळ आहेत, आणि इतर शहरांतही बॅग दुरुस्तीवाले हे काम करतात. कागदावर आतली तिन्ही मापं लिहून द्या, पट्ट्याची रुंदी आणि सगळ्यात आखूड लांबी लिहा, तळाला कडक पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिकची शीट घालायला सांगा, पुठ्ठा पावसात फुगतो. इन्सर्टसाठी ८-१० मिलिमीटरचा ईव्हीए फोम लागतो. तो मिळाला नाही तर योगा मॅट कापून चालते, पण त्यावर मऊ कापड चढवून घ्या, नाहीतर लेन्सच्या रबराला ती चिकटते.

घेतल्यानंतर

पहिल्या पंधरवड्यात पार्टिशनं दोन-तीनदा हलवावी लागतात, तेवढा धीर धरा. कॅमेरा कायम एकाच जागी, ग्रिप तुमच्या हाताकडे. डावखुऱ्यांनी पट्टा उलट्या खांद्यावर घेऊन पाहावा, काही बॅगांत पट्ट्याचं बक्कल बदलता येतं, काहींत नाही. एरवीही खांदा अधूनमधून बदलत राहा.

जून ते सप्टेंबर घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि साठ-पासष्ट टक्क्यांच्या वरच्या दमटपणात लेन्सवर बुरशी धरते. कॅमेरा-लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि दमटपणाचा छोटा काटा आत टाका. तो ४० ते ५० च्या दरम्यान असावा. रिकामी बॅग फ्लॅप उघडा टाकून पंख्याखाली टांगा आणि इन्सर्टची पार्टिशनं सुटी करून वाळवा. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढले की पकड परत येते, आणि पट्ट्याच्या शिवणीतला एखादा टाका उसवलेला दिसला तर तो त्याच आठवड्यात चांभाराकडून घालून घ्या.